पैसे देऊन घाम : गरम खोलीतल्या पॉवर योगाचे नऊ महिने

क्लासला नाव घातल्याचं आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेव्हा नोव्हेंबर लागला होता आणि नागपुरातला आमचा कूलर नुकताच पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला गेला होता. खोली ३५ अंशांपर्यंत तापवतात, महिन्याला १६५ डॉलर घेतात, असं मी म्हणाले. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "काहून? पैसे देऊन घाम काढून राहिली का तू?"

तिच्या या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला अजून देता आलेलं नाही, पण नऊ महिन्यांत अर्धंमुर्धं जमलंय. बॉस्टनच्या पश्चिमेला राहते, वय ४७, दिवसभर खुर्चीत बसायची नोकरी. ॲपमध्ये ९४ क्लास दिसतात. इथल्या ओळखीच्या मराठी बायका सारख्या विचारतात, "जाऊ का गं?" प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. स्टुडिओचं नाव देत नाही. या भागातले बरेचसे साधारण असेच आहेत.

आधी एक गोंधळ मिटवते. 'हॉट योगा' म्हटलं की लोकांना बिक्रम चौधरींचं 'बिक्रम योगा' आठवतं. ते वेगळं. त्यात ठरलेली २६ आसनं आणि दोन श्वासाचे प्रकार, नव्वद मिनिटं, खोली १०५ फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ ४१ अंश, क्रम कधीच बदलत नाही. या क्रमावर चौधरींनी कॉपीराइट मागितला होता, तो २०१५ मध्ये इथल्या अपील न्यायालयाने नाकारला. पॉवर योगाचं मूळ मैसूरच्या पट्टाभी जोइसांच्या अष्टांगात. ते अमेरिकन मंडळींनी नव्वदच्या दशकात आपल्या सोयीने सैल केलं, आणि बॅरन बॅप्टिस्ट यांच्या केंब्रिजमधल्या स्टुडिओमुळे आमच्या या भागात गरम खोलीसकट रुजलं. आमच्याकडे ९५ फॅरनहाइट, ७५ मिनिटं, एका आसनातून दुसऱ्यात न थांबता जायचं, आणि वर गाणी. कधी कधी फार मोठ्याने गाणी.

पहिल्या दिवशी मी जरा तोऱ्यातच गेले. म्हटलं, आपण मे महिन्यात ४५ अंशांत सायकलवर ट्यूशनला जाणारी माणसं, खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा. या लोकांना ३५ अंशांचं काय कौतुक! वीस मिनिटांत बालासनात कपाळ टेकून पडले होते. डोळ्यांसमोर काजवे, कानात दडे. नागपूरचं ऊन कोरडं. घाम येतो आणि उडून जातो, जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथे बंद खोलीत तीस माणसं श्वास सोडतायत, हवेत आधीच ओल आहे. घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. म्हणजे भिजायचं भरपूर आणि गार व्हायचं नाही. वैदर्भीय असल्याचा काडीचाही फायदा होत नाही, हे लिहून ठेवा.

दुसरा धक्का सूर्यनमस्काराचा. शाळेत आणि नंतर नागपुरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळातल्या सकाळच्या वर्गात शिकलेला सूर्यनमस्कार माझ्या अंगात बसलेला आहे : एक पाय मागे, दुसरा मागे, मग गुडघे-छाती-कपाळ टेकून साष्टांग, मग भुजंगासन. इथल्या 'सन ए'मध्ये पाय एकेक करून मागे जात नाही आणि साष्टांगही नाही. दोन्ही पाय एकदम मागे, कोपरं बरगड्यांना लावून शरीर जमिनीच्या वर चार बोटं अधांतरी धरायचं, ते चतुरंग. ते एका क्लासमध्ये किती वेळा? मी एकदा मोजलं, ४३. पहिले सहा आठवडे उजवा खांदा उचलून केस विंचरता येत नव्हते. मग एका शिक्षिकेने शांतपणे सांगितलं, "गुडघे टेकव, कुणी बघत नाही." खरंच कुणी बघत नव्हतं, समोर भिंतभर आरसा असूनही. प्रत्येकजण आपापल्या घामात.

शिक्षक सहा आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. दोघी उत्तम : हात लावण्याआधी विचारतात, दारात ठेवलेली छोटी लाकडी चकती आपल्या मॅटवर ठेवली तर स्पर्श करतच नाहीत. एक जण नुसता उत्साहमूर्ती, 'आणखी खोल, आणखी खोल' असं ओरडत फिरतो. त्याच्या क्लासला मी आता जात नाही, कारण पुढे येतंच. एकीचं 'डिटॉक्स'चं पालुपद संपत नाही. घामातून विष बाहेर पडतं म्हणे. बाई गं, घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकीची साफसफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात. क्लासच्या आधी आणि नंतर वजन केलं तर माझं जवळपास किलोभर कमी भरतं. रात्री जेवून-पाणी पिऊन सकाळी जिथल्या तिथे. यासाठी कुणी जाणार असेल तर पैसे वाचवा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर : क्लासच्या दोन तास आधीपासून थोडं थोडं प्यायचं, क्लासमध्ये घोट घोट, आणि नंतर नुसतं पाणी नको. तिथे काउंटरवर क्षारांच्या पुड्या दीड-दीड डॉलरला मिळतात. मी घरून लिंबू सरबत नेते, मीठ जरा सढळ हाताने. एप्रिलमध्ये भारतीय दुकानात कैऱ्या मिळाल्या तेव्हा पन्हं नेलं होतं. शेजारच्या मॅटवरच्या मुलीने चव घेतली आणि विचारलं की हे कुठल्या कंपनीचं.

आता दुखापतीचं. फेब्रुवारीत, म्हणजे चौथ्या महिन्यात, मी स्वतःवर फारच खूश होते. उभं राहून खाली वाकले की तळवे सपाट जमिनीला. वयाच्या विसाव्या वर्षीही हे जमत नव्हतं. घरी, थंड खोलीत, तेच करायला गेलं तर बोटं नडगीच्या मध्यावर अडकायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं. उष्णतेने स्नायू सैल होतो, ताणाची बोच कमी जाणवते, आणि 'बास' म्हणणारा आतला आवाज बारीक होतो. उत्साहमूर्तीच्या क्लासमध्ये मी आणखी खोल गेले. तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसले आणि बसायच्या हाडापाशी, मांडीचा मागचा स्नायू जिथे चिकटतो तिथे, सुई टोचल्यासारखं. फिजिओथेरपिस्टने कुठला क्लास ते विचारलंदेखील नाही, नुसतं हसली : "योगा?" सहा आठवडे पुढे वाकणं बंद. तीन महिने गाडीत त्या बाजूला गुंडाळलेला टॉवेल ठेवून बसत होते. चूक माझीच, पण खोलीचाही त्यात वाटा आहे, आणि हे कुणीही फॉर्म भरताना सांगत नाही.

त्याच काळात पुण्याची एक मैत्रीण आली होती राहायला. ती वर्षानुवर्षं मॉडेल कॉलनीत, अय्यंगारांच्या संस्थेत जाणारी. दोरखंड, पट्टे, लाकडी ठोकळे, एकेक आसन पाच-पाच मिनिटं, आणि पायाचा अंगठा चुकीच्या दिशेला असला तरी ओरडा खाणारी परंपरा. तिला घेऊन गेले. तिने मुकाट्याने सगळं केलं, माझ्यापेक्षा शंभर पट स्वच्छ केलं. बाहेर पार्किंगमध्ये केस पुसत म्हणाली, "घाम छान आला. आसन कुठलं केलं आपण?" मला राग आला. दोन दिवस पुरला तो राग. तिसऱ्या दिवशी त्रिकोणासनात उभी असताना लक्षात आलं की पुढचा पाय नीट लागेपर्यंत पुढच्या आसनाची हाक आलेली असते. ज्यांना आसनाची घडण आधीपासून माहीत आहे, त्यांना हा वेग चालतो. ज्यांना नाही, ते चुकीचंच पाठ करतात, दिवसाला ४३ वेळा.

बाकीचे विद्यार्थी कसे आहेत, हेही सांगायला हवं, कारण तीस मॅटांवर तीस कारणं असतात. माझ्या डावीकडे नेहमी असते ती रात्रपाळीची नर्स. सकाळी सहाचा क्लास करून घरी जाऊन झोपते. म्हणते, हे केलं नाही तर वॉर्ड डोक्यातून जात नाही. एक सत्तरीचे आजोबा, निवृत्त पोस्टमन. निम्मा क्लास बसून करतात, आणि मला वाटतं खोलीत सगळ्यात शहाणे तेच. कॉलेजात हॉकी खेळणारा एक पोरगा पहिल्याच क्लासमध्ये तिसाव्या मिनिटाला तोंडावर हात धरून बाहेर पळाला. पुन्हा आला, पण आता मागे दाराजवळ असतो. माझ्याच वयाची एक जण तीन महिन्यांत सोडून गेली : "मला घरबसल्या फुकट उष्णतेचे झोत येतात, विकत कशाला घेऊ?" दुसरीला तेच रजोनिवृत्तीचे दिवस असूनही काही त्रास नाही. एक गरोदर मुलगी नाव घालायला आली, तर काउंटरवरच्या बाईने पैसे न घेता तिला डॉक्टरांशी बोलायला आणि साध्या तापमानाच्या वर्गाला पाठवलं. त्या दिवशी स्टुडिओबद्दलचं माझं मत बरंच वर गेलं.

मत खाली जाण्याची कारणंही आहेत. पहिला महिना ४९ डॉलर, तो संपताच न विचारता १६५. थांबायचं असेल तर तीस दिवस आधी लेखी कळवा, शिवाय महिन्याला २० डॉलर 'जागा राखून ठेवण्याचे'. माझा हिशोब क्लासमागे साडेचौदा डॉलर पडला. सुट्या क्लासला २६. संध्याकाळी साडेपाचच्या क्लासला मॅटा इतक्या जवळ की शेजारच्याचा घाम आपल्या हातावर. फरशीला वास आहे. दर रविवारी वरून सुगंधी काहीतरी फवारतात, आणि मग दोन वास येतात. साधी मॅट पहिल्याच दिवशी साबणाच्या वडीसारखी घसरते, वर टॉवेल लागतोच. ओले कपडे गाडीच्या डिकीत रात्रभर विसरू नका. मी एकदा विसरले आणि नवऱ्याने ती गाडी आठवडाभर घेतली नाही.

मग जाते कशाला?

डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो. दुपारच्या मीटिंगमधून मान वर करावी तर खिडकीत काळोख. पंधरा हिवाळे काढले मी इथे, आणि प्रत्येक वर्षी थँक्सगिव्हिंगनंतर माझं एक बटण कुणीतरी बंद करतं. बोलणं कमी, झोप जास्त, इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीलाही जायचा कंटाळा. या वर्षी ते झालं नाही, किंवा झालं तरी फार कमी झालं. बाहेर उणे बारा, आत ३५. दार उघडून त्या ऊबेत पाऊल टाकलं की एप्रिलातल्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर पाणी शिंपडल्यावर जी वाफ यायची, तशीच हवा अंगावर यायची. शवासनात निलगिरीचा वास असलेला गार रुमाल कपाळावर ठेवतात. त्या पाच मिनिटांत मला दोनदा रडू आलं आणि कारण विचाराल तर सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर गाडीपर्यंत जाईतो ओल्या केसांच्या बटा कडक झालेल्या असायच्या.

हे उष्णतेमुळे की नुसतं नियमाने हलल्यामुळे? मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये नैराश्य असलेल्या लोकांवर गरम योगाचा आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला, लक्षणं स्पष्ट कमी झाली. पण तुलना होती प्रतीक्षा यादीत थांबलेल्यांशी, थंड खोलीत योग करणाऱ्यांशी नाही. उलट टेक्सासमधला २०१८ चा रक्तवाहिन्यांवरचा अभ्यास पाहिला तर तीच आसनं गरम खोलीत केली काय आणि साध्या खोलीत केली काय, बारा आठवड्यांनंतर फायदा दोन्हीकडे झाला. म्हणजे शरीरापुरतं बोलायचं तर आईचा प्रश्न बिनतोड आहे. पण मला स्वतःला ओळखायला पंधरा वर्षं मिळालीत. जानेवारीतल्या काळोखात मी साध्या खोलीतल्या योगाला गेले नसते. ऊब होती म्हणून गेले.

कुणी जाऊ नये? हृदयाचा त्रास, रक्तदाबाच्या गोळ्या, गरोदरपण, चक्कर येण्याची सवय, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. आणि आयुष्यात कधीच योग केला नसेल तर आधी दोन-तीन महिने साध्या खोलीत, हळू शिकवणाऱ्या कुणाकडे आसनं शिकून घ्या. मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी एक काका फुकट शिकवतात, तिथे गेलात तरी चालेल. मी दुखापतीनंतर तिथेच जाऊन पुन्हा ताडासनापासून सुरुवात केली.

जुलैअखेर मी सभासदत्व थांबवलंय, तीस दिवस आधी लेखी कळवून, वीस डॉलर भरून. बाहेर फुकटात ३३ अंश असताना आत जाण्यात अर्थ नाही, एवढं आईचं पटलं. नोव्हेंबरपासून पुन्हा. या वेळी जागा दाराजवळ, गरम हवेच्या झोतापासून लांब, पोस्टमन आजोबांच्या शेजारी.