‘जुनं कार्ड तुमच्यासमोरच कापतो’ म्हणणारा माणूस

मुलं परदेशी आणि आईवडील पुण्यात कोथरूड-सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये दोघंच, अशी घरं बँकेचा माणूस म्हणून येऊन कार्ड लांबवणाऱ्या टोळ्यांना फार सोयीची. आधी फोन येतो, “काका, तुमचं कार्ड बंद होतंय, नवीन तयार आहे. जुनं न्यायला आमचा माणूस येईल.” माणूस येतो, गळ्यात ओळखपत्र. फॉर्म भरून घेतो, त्यात पिनसाठी चार चौकोन. मग कात्री काढून कार्डाचे दोन तुकडे करतो. काका निर्धास्त! तुकडे ‘बँकेत जमा करायला’ म्हणून तो घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत पैसे निघाल्याचे मेसेज येऊ लागतात.

कात्री चालते ती काळ्या पट्टीवरून. सोनेरी चिप शाबूत राहते, आणि गोम तिथेच आहे. कडेने फिरलेली अँटेना तुटल्यामुळे टॅप करून पैसे जात नाहीत, पण एटीएमच्या खाचेत चिपचे संपर्कबिंदू जागेवर लागले की पुरे. चिपचा तुकडा दुसऱ्या कार्डावर नेमका बसवला आणि पिन हाती असला, तर यंत्राला फरक कळत नाही. म्हणून कार्ड आधी ब्लॉक करायचं, कात्री नंतर.

पिन आपणच दिला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या अंगावर पडतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. त्यामुळे पहिला फोन बँकेला, दुसरा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर. नातेवाइकांना नंतर सांगता येईल.

क्रेडिट कार्ड कायमचं बंद करायचं तर लेखी विनंती करा. थकबाकी नसेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. त्यावरून आपोआप जाणारी बिलं आधी दुसरीकडे वळवा.

आता कापणं. चिपच्या बरोबर मध्यातून आडवा आणि उभा काप द्या. खरी सिलिकॉनची चकती सोनेरी पत्र्याखाली मधोमध, जेमतेम काही मिलिमीटरची असते, कडेला कापलं तर ती वाचते. काळी पट्टी चार-पाच ठिकाणी तोडा. नंबरचे तुकडे असे करा की एकावर चारपेक्षा जास्त आकडे राहणार नाहीत. मागच्या बाजूचे सीव्हीव्हीचे (सुरक्षा क्रमांकाचे) तीन आकडे वेगळे कापा. स्वयंपाकघरातली कात्री घसरते, पत्रा कापायची घ्या. जाळू मात्र नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. धातूचं कार्ड घरी कापलं जात नाही, ते ब्लॉक करून स्वतः शाखेत नेऊन द्या.

तुकडे सुक्या कचऱ्यात, पण दोन वेगवेगळ्या दिवशी.

मुदत संपलेल्या कार्डाबद्दल बेफिकिरी जास्त दिसते. नूतनीकरणात पुष्कळदा नंबर तोच राहतो, फक्त तारीख आणि सीव्हीव्ही बदलतात. काही परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय व्यवहार होतो, तेव्हा ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर बंद आहे ना ते पाहा. आणि मुलाला कधीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेले कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो दोघांच्याही फोनमधून काढून टाका.