भर जुलैत गुहागर, आईला घेऊन

बुकिंगसाठी रिसॉर्टवर फोन केला तेव्हाच मालकीणबाईंनी सगळं सांगून टाकलं. "ताई, पाण्यात उतरता येणार नाही. ताजी मासळी मिळणार नाही. लाईटचा भरवसा नाही. चालत असेल तर जरूर या." तिथेच माझं ठरलं. पावसाळ्यात मे महिन्यातले फोटो पाठवून गिऱ्हाईक ओढणारे पुष्कळ पाहिलेत.

आम्हाला जायचं होतं ते व्याडेश्वरासाठी, आमचं कुलदैवत. आईला हल्ली मेमधली गर्दी आणि ऊन सोसत नाही. आता देवळात रांग नव्हती. गाभाऱ्यासमोर तिला हवं तितका वेळ बसता आलं. चिपळूणपर्यंत रेल्वे, पुढे साधारण ४५ किलोमीटर रस्ता. खोलीचं भाडं मेच्या निम्म्याने.

रिसॉर्ट म्हणजे चिऱ्याच्या कौलारू खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे सुरूचं बन आणि लगेच समुद्र. चादरींना दमट वास होता. सांगितल्यावर दुसऱ्या चादरी इस्त्री फिरवून आल्या, गाद्यांचा वास मात्र राहिलाच. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालतो, गीझर नाही. पण मागच्या पडवीत बंब पेटलेला असतो आणि कढत पाण्याची बादली दाराशी येते.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. या दिवसांत कुणी 'ताजा पापलेट' म्हणून पुढे केला तर तो बर्फातला असण्याचीच शक्यता जास्त. इथे तसला प्रकारच नाही. स्वयंपाकाच्या मावशी पडवीत फोडशी, म्हणजे पावसाळी रानभाजी, निवडत बसल्या होत्या. एकेक पात हातात घ्यायची, मधला टणक दांडा काढून टाकायचा, मग पाण्यातून काढून बारीक चिरायची. कांदा आणि मुगाची डाळ घालून केलेली ती भाजी, तांदळाची गरम भाकरी, आठळ्या घातलेलं अळूचं फदफदं. आईने मागून घेऊन खाल्लं, आणि ती सहसा बाहेर दोन घासांवर उठते. मला सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं, कालवण मिळालं, कोकमाचा आंबटपणा अगदी बेताचा. सकाळी घावन आणि नारळाचं दूध-गूळ. चहा तेवढा फार गोड.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळा आहे, त्यावर रोजची भरती-सुकतीची वेळ लिहिलेली. तो बघूनच किनाऱ्यावर जायचं, आणि भरतीच्या वेळी बनाच्या पलीकडे पाऊल टाकू देत नाहीत. एक तरुण जोडपं हट्टाला पेटलं होतं, त्यांनाही मालकांनी शांतपणे परत आणलं. गुहागर तालुक्यातल्याच हेदवीची बामणघळही आम्ही त्यांच्याच सांगण्यावरून भरतीला पाहिली. खडकाच्या अरुंद चिरेत लाट घुसते, आत कोंडते आणि पाण्याचा स्तंभ धाडकन वर उसळतो. दगड बुळबुळीत असतात, लांबूनच पाहा. दशभुज गणपतीही हेदवीलाच आहे, तेवढ्यात दर्शन होतं.

अंगणातल्या पायवाटेवर शेवाळ धरलेलं, पण त्यावर झावळ्या टाकल्या होत्या, म्हणून आई काठीशिवाय चालली. न्हाणीघरात मात्र उंबरा उंच आहे आणि धरायला काही नाही. रोज मला दाराशी उभं राहावं लागलं.

समुद्राकडच्या खोल्यांत झड आत येते, खिडकी उघडताच येत नाही, त्यामुळे पावसात वाडीकडची खोली मागून घ्या. आणि मालकीणबाई हे वाचत असतील तर एवढी विनंती: न्हाणीघरात एक दांडी बसवून घ्या. दिवाळीनंतर मावशीलाही घेऊन यायचं म्हणतेय, तिचे गुडघे आईपेक्षा जास्त दुखतात.