स्थानिक ग्राहक की परदेशी?
म्हापशातील एक तरुण वेब डेव्हलपर म्हणून स्वतंत्र व्यवसाय सुरू करताना कळंगुटची गेस्टहाउसे धरावीत की परदेशी ग्राहक, या पेचात आहे. स्थानिक काम ओळखीतून लवकर मिळते. मात्र ऑक्टोबरमध्ये हंगाम उघडण्यापूर्वी सर्वांनाच संकेतस्थळ हवे असते, आणि छायाचित्रे व दरपत्रक मिळवण्यासाठी, तेही भर पावसात, खेटे घालण्यातच बराच मोबदला जिरतो. परदेशी कामाचा दर चढा असला तरी पहिले काम मिळेपर्यंत धीर लागतो. वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यास जीएसटी नोंदणी दोन्हीकडे लागते. स्थानिक बिलावर १८ टक्के कर, तर कर विभागाला हमीपत्र (एलयूटी) दिल्यास निर्यातीवर, म्हणजे परदेशी कामावर, शून्य. ज्याला घरखर्च लगेच भागवायचा असेल, त्याने गेस्टहाउसे धरावीत. ज्याच्याकडे काही महिन्यांची शिल्लक आणि नेटके लेखी इंग्रजी आहे, त्याने परदेशी कामाकडे वळावे.