नेल आर्टची घरगुती फ्रेम: सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

घरच्या पार्लरमध्ये नेल आर्टच्या नमुन्यांची फ्रेम करायची असेल, तर टिप्स, म्हणजे नक्षी काढलेली प्लॅस्टिकची नकली नखं, कायमच्या चिकटवू नका. काढता-लावता येतील अशाच बसवा. सिद्धेश्वर यात्रेच्या आधी माझी फ्रेम भिंतीवर लागली, आता पावसाळा सरत आलाय, आणि एवढ्या महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला.

मोबाइलवरच्या फोटोवरून रंग ठरवणं अवघड जातं. लग्नाची मुलगी शालू घेऊन येते, फ्रेममधली टिप काढून काठावर ठेवते, मग स्वतःच्या नखावर धरून म्हणते, "ताई, हाच, पण जरा फिक्कट." सोबत आलेल्या आईलाही हातात घेऊन बघता येतं. तिचं समाधान झालं की मला फार बरं वाटतं.

फोटो फ्रेमवाल्याकडून १२ बाय १६ इंचांची खोल फ्रेम करून घेतली. काच आणि पाठ यांत इंचभर पोकळी, आणि काचेला बिजागरी लावून दार. आत लोखंडी पत्रा, त्यावर काळा मॅट कागद. पत्रा घेताना दुकानातच चुंबक लावून बघा, ॲल्युमिनियमला ते धरत नाही. टिप्स रुंद मापाच्या घ्या आणि पोटात छोटं चपटं चुंबक नेल ग्लूनेच बसवा. जेल यूव्ही दिव्याच्या उजेडातच घट्ट होतं. त्याने बसवू गेलात तर चुंबकाखाली उजेड पोचत नाही, जेल ओलंच राहतं. कॅट-आयच्या, म्हणजे मांजरीच्या डोळ्यासारखी चमकती रेघ असलेल्या टिप्सबद्दल बऱ्याच जणी विचारतात, की त्यात लोहकण असतात, मग मागच्या चुंबकाने रेघ सरकेल का? नाही सरकत. दिव्याखाली जेल घट्ट झालं की कण जागचे हलत नाहीत.

काळ्यावर आरशासारखं चमकणारं क्रोम आणि पांढरी नक्षी उठून दिसते. न्यूड, म्हणजे त्वचेच्या रंगाच्या शेड मात्र त्यावर मळकट वाटतात, त्यांना खालच्या रांगेत पांढरट कागद दिलाय.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये झाली. इथं पारा चाळिशीच्या वर जातो. तुलनेसाठी एक रांग डबल टेपवर ठेवली होती, तिच्या टिप्स दुपारी हळूहळू खाली घसरत. चुंबकवाल्या जागच्या हलल्या नाहीत. निऑन रंग मात्र उन्हाने फिके पडले आणि पांढऱ्यावरचा टॉप कोट (वरचा चमकदार थर) पिवळसर झाला. साधी काच ऊन अडवते असं समजू नका, यूव्हीए किरण तिच्यातून बरेच आत येतात. फ्रेम आता खिडकीसमोरून आतल्या भिंतीवर आहे.

दारासाठी ॲक्रिलिक स्वस्त आणि हलकं पडतं, तरी काचच घ्या. पार्लरमध्ये ॲसिटोनचा (नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा) हात कुठेही लागतो, आणि ॲक्रिलिकवर त्याचे डाग आणि बारीक तडे कायमचे राहतात. टिप्सही ॲसिटोनमध्ये विरघळतात, म्हणून पुसायला फक्त कोरडा मऊ ब्रश. टॉप कोट नो-वाइप (पुसावा न लागणारा) नसेल तर वरचा चिकट थर आधी पुसून घ्या, नाहीतर आपल्याकडची धूळ तिथंच बसते.

सगळ्यात जास्त हातात घेतली जाते ती सोलापुरी चादरीच्या नक्षीची रांग. पायऱ्यापायऱ्यांचे चौकोन, मरून आणि हिरवा. बारीक ब्रशने वेळ लागतो, पण पुण्याहून माहेरी आलेल्या मुली तेच मागतात. दिवाळीआधी त्या रांगेसाठी दुसरी, लहान फ्रेम करायला टाकणार आहे, आणि या वेळी प्रत्येक टिपेचा नंबर खालच्या कागदावर लिहीन, म्हणजे काढलेली टिप परत जागेवर लावणं सोपं जाईल.