न उघडलेल्या इंजिनाचे दीड लाख

मालवणजवळ देवबागला मी आणि माझा चुलतभाऊ पर्यटकांसाठी एक जेट स्की चालवतो. १८१२ सीसीचे, चार सिलिंडरचे हे जपानी मशीन आम्ही जुने विकत घेतले होते. गेल्या हंगामाच्या तोंडावर त्याच्या दुरुस्तीवर आमचे एक लाख त्रेसष्ट हजार रुपये गेले, आणि त्यांतले फार तर दहा हजारांचे काम प्रत्यक्षात झाले होते, हे आम्हांला पाच महिन्यांनी कळले. किनाऱ्यावर अशी मशिने बाळगणाऱ्या अनेकांना इंजिनातले माझ्याइतकेच कळते, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

पावसाळ्यात २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत आमच्याकडे जलक्रीडा बंद असतात. बंदीच्या आदल्या दिवशी कर्ली नदीच्या मुखाशी मशीन वाळूला लागले होते, आणि आवराआवरीच्या गडबडीत त्या संध्याकाळी ते गोड्या पाण्याने धुवायचे राहून गेले. पुढे तीन महिने ते मांगरात, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये, माडाच्या झापांखाली पडून होते. सप्टेंबरमध्ये बॅटरी चार्ज करून बटण दाबले, तर आतून एकदाच ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे काहीच हलले नाही. इंजिन सीझ, म्हणजे आतून जाम, झाले, असे भाऊ म्हणाला आणि मी तेच फोनवर मेकॅनिकला सांगितले. म्हणजे निदान आम्हीच करून ठेवले होते, त्याने फक्त किंमत सांगायची बाकी होती.

परजिल्ह्यातून आलेल्या त्या मेकॅनिकने बटण एकदा दाबले, मशीन कधी उलटले होते का असे विचारले, आणि एप्रिलमध्ये एकदा उलटले होते असे आम्ही सांगताच त्याने निकाल दिला: सायलेन्सरवाटे खारे पाणी सिलिंडरमध्ये गेले, पिस्टनवरच्या रिंगा गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटल्या, आता इंजिन पूर्ण खोलावे लागेल. हे बोलणे अगदीच खोटे नव्हते, आणि तीच त्यातली खरी मेख होती. उलटलेली जेट स्की चुकीच्या दिशेने सरळ केली, किंवा बंद पडलेली वेगाने ओढून आणली, तर इंजिनात पाणी जाते, आणि ते लगेच काढले नाही तर रिंगा खरोखरच धरतात. परंतु आमचे मशीन एप्रिलमध्ये उलटल्यानंतर महिनाभर रोज धावत होते, हा साधा विचार त्या वेळी आम्हांला सुचला नाही.

त्याने जे सांगितले नाही, ते असे की जेट स्कीला क्लच नसतो आणि गिअरही नसतो. इंजिनाचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, आणि मागच्या पंपात पाणी ढकलणारा पंखा, म्हणजे इंपेलर, शाफ्टने थेट जोडलेले असतात, त्यामुळे पंपाचे बेअरिंग गंजून बसले, किंवा इंपेलरमध्ये जाळ्याचा दोर अडकला, तरी इंजिन तसूभर फिरत नाही आणि बटण दाबल्यावर तोच ‘टक्’ ऐकू येतो. दोष कुठे आहे हे ठरवायला सिलिंडरचे प्लग काढून आत पाणी साचले आहे का ते पाहावे लागते, आणि मागचा पंप सोडवून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे लागते. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याने प्लगला हात लावला नाही आणि पंपाकडे तर वाकूनही पाहिले नाही.

साठ हजार आगाऊ घेऊन त्याने मांगराच्या वाशाला चेन कप्पी बांधली आणि इंजिन वर उचलून फळ्यांवर ठेवले. पिकअप येईपर्यंत दोन तास ते तिथे, पंपापासून पूर्ण सुटे, आमच्या डोळ्यांसमोर पडून होते. त्या दोन तासांत एकाने जरी पंपाच्या शाफ्टला जोडणाऱ्या कपलिंगला पाना लावून इंजिन फिरवून पाहिले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

दीड महिन्याने इंजिन परत आले. सोबत ‘जुन्या रिंगा’ म्हणून एक प्लॅस्टिकची पिशवी होती, एक लाख पंचेचाळीस हजारांचे हाताने लिहिलेले बिल होते आणि त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. इंजिन बसवून बटण दाबले, तर पुन्हा तोच ‘टक्’! त्यावर तो जराही न गडबडता म्हणाला की पडून पडून पंपही धरला आहे, आणि अठरा हजार वेगळे घेऊन त्याने त्याच दुपारी पंप काढून बेअरिंग आणि सील बदलले. जुन्या बेअरिंगच्या गोळ्या विटकरी झाल्या होत्या आणि मध्ये वाळू चिकटली होती. मशीन सुरू झाले, म्हणून आम्ही त्याला जेवायला घातले.

फेब्रुवारीत थोडे ऑइल झिरपू लागले, तेव्हा ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री पाहायला आले. त्यांनी हेड (इंजिनाचे वरचे झाकण) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) यांच्या सांध्यावरून नख फिरवले आणि मलाही फिरवायला लावले. कंपनीचा रंग सांध्यावरून सलग होता, कुठेही चीर नव्हती, आणि कडेला मिठाचा पांढरा थर जसाच्या तसा होता. हेड एकदाही उतरले असते तर तो रंग तुटला असता. मग त्यांनी पिशवीतली एक रिंग हातात घेतली. आमच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८६ मिलिमीटर आहे आणि ती रिंग साठच्याही आतली, बहुधा मोटारसायकलची निघाली. चार महिने ती पिशवी मांगरात खिळ्याला टांगलेली होती, पण तिच्यात डोकावून पाहायचे आम्हांला सुचले नव्हते.

तो आता फोन घेत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. व्यवसायासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतली असेल तर बसू शकते, हे त्यानंतर समजले. त्यामुळे मशीन आम्ही दोघेच चालवतो, याचे पुरावे सध्या जमवत आहोत. बिल, रिंगांची पिशवी आणि त्या सांध्याचे फोटो वकिलांकडे दिले आहेत. ऑइल सील बदलायचे काम बाकी आहे, कारण फोटो मान्य होईपर्यंत त्या इंजिनाला कोणी पाना लावू नये, असे वकिलांचे म्हणणे आहे.