पाण्याच्या रॉकेटचा झटका कमी करायचाय? दोन लाँचर नागपूरच्या तिन्ही ऋतूंत वापरल्यावर

शाळेच्या विज्ञान क्लबसाठी एकच लाँचर घ्यायचा असेल तर ९ मिमी नोझलचा, म्हणजे पाणी बाहेर पडायचं भोक तेवढं लहान असलेला घ्या. उंचीची पैज लावायची असेल आणि वर पॅराशूट नसेल, तरच बाटलीचं अख्खं तोंड उघडं ठेवणारा घ्या. असं का, ते पुढे.

आधी एक गोष्ट. साखर आणि सोऱ्याचं इंधन घरी शिजवायचं आणि मग ते सावकाश कसं जळेल ते शोधायचं, हा नाद बऱ्याच मुलांना लागतो. परवान्याशिवाय असं मिश्रण बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतं, आणि तो कायदा राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. कायदा सोडा, गॅसवरच्या भांड्यात पेट घेतलेलं मिश्रण कुणाचं ऐकत नाही. जोर कमी करून तो जास्त वेळ टिकवायचा, हा खेळ पाणी आणि हवेवर पूर्ण खेळता येतो, आणि आकडे कागदावर आधीच मांडता येतात.

दोन लिटरची शीतपेयाची बाटली, त्यात ६०० मिली पाणी आणि ४ बार, म्हणजे साधारण ६० पीएसआय हवा. पाणी सुरुवातीला सेकंदाला २८ मीटर वेगाने बाहेर पडतं. तोंड मोठं असो की लहान, हा वेग तोच. बदलतं ते एका क्षणी किती पाणी जातं ते. बाटलीचं उघडं तोंड आतून सुमारे २२ मिमी. त्यातून पहिला जोर ३०० न्यूटनच्या आसपास मिळतो आणि पाणी ०.०६ ते ०.०७ सेकंदात संपतं. ९ मिमीच्या भोकातून जोर ५० न्यूटन, पण तो ०.४ सेकंदाच्या जवळपास टिकतो. पाणी संपेपर्यंत आतली हवा पसरते आणि थंड होते, त्यामुळे दाब ४ वरून २ बारपर्यंत उतरतो. जोरही त्याच प्रमाणात निम्मा होतो.

१५० ग्रॅमच्या रॉकेटला मोठं तोंड सुटताक्षणी गुरुत्वाच्या चाळीस पट धक्का देतं. पॅराशूटचं झाकण उडणं, पॅराशूट उघडायला लावलेला, चावीच्या खेळण्यातून काढलेला टायमर जागेवरच सुटणं, टेपने चिकटवलेले पंख खाली राहणं, हे सगळं याच धक्क्यामुळे होतं. लहान नोझलवर तो धक्का सहा पटीपर्यंत येतो. तोच टायमर, तोच टेप, पण पॅराशूट वर गेल्यावरच उघडतं. ६० सेमी व्यासाचं पातळ प्लास्टिकचं पॅराशूट एवढ्या वजनाला पुरतं; रॉकेट सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास वेगाने उतरतं.

या सावकाशपणाची किंमत मात्र आहे. रॉकेटला सुरुवातीला सरळ ठेवणाऱ्या ३० सेमीच्या दांड्यावरून सुटताना लहान नोझलच्या रॉकेटला जेमतेम ६ मीटर प्रति सेकंद वेग असतो, आणि पंखांना तेवढ्यावर पकड येत नाही. वारा असेल तर रॉकेट वारा येतो त्या बाजूला तोंड वळवून आडवं निघतं. दांडा एक मीटरचा केला की वेग ११ च्या जवळ जातो आणि तक्रार जवळजवळ मिटते. तयार संचात दांडा आखूड येतो. तो पहिल्याच दिवशी बदला. वजनाचंही भान ठेवा: कॅमेरा, दुसरी बाटली असं लादत गेलात की ५० न्यूटन अपुरे पडतात, रॉकेट पाणी ओतत जागेवर रेंगाळतं.

पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाकून फेस केला तर मोठ्या तोंडातूनही जोर थोडा लांबतो आणि पांढरा माग सुंदर दिसतो. लहान नोझलवर त्याचा फायदा जाणवत नाही, उलट कनेक्टर बुळबुळीत होतो.

आता बांधणी. लहान नोझलवाला लाँचर म्हणजे बागेच्या पाइपचा झटपट जोडायचा कनेक्टर. नराचा भाग बाटलीच्या झाकणात बसतो, मादीचा भाग लाँचरवर, आणि कॉलर, म्हणजे बाहेरची सरकती कडी, दोरीने ओढला की रॉकेट सुटतं. भोक सगळ्यांचं ९ मिमी नसतं, म्हणून व्यास मोजायचा कॅलिपर घेऊनच दुकानात जा. प्लास्टिकच्या कॉलरमध्ये माती गेली की तो अर्धवट सरकतो आणि रॉकेट तिरकं सुटतं. आपल्याकडची काळी माती ओली असताना तर नक्कीच. पितळी कनेक्टर महाग, पण टिकला.

मोठ्या तोंडाच्या लाँचरमध्ये झिप टायचा (वायरी बांधायच्या प्लास्टिक पट्ट्यांचा) घेर बाटलीच्या मानेखालचा कडा धरतो आणि वरून पाइपची कॉलर सरकते. अर्ध्या इंचाच्या पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी, त्यामुळे तो मानेत नेमका जातो. इथे पांढरा पीव्हीसी वापरू नका. हवेच्या दाबाखाली तो फुटला तर तुकडे उडतात, आणि विदर्भाच्या उन्हात ठेवलेला पाइप आणखी ठिसूळ होतो. अर्ध्या इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपचा व्यासही तेवढाच आहे. हिंगणा एमआयडीसीत लेथवर त्यावर ओ-रिंगची, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीची, खाच काढून घ्या; रिंग खाचेबाहेर अर्धा मिलिमीटर दिसली पाहिजे. कमी दिसली तर हवा गळते, जास्त दिसली तर बाटली चढवताना रिंग कापली जाते. झिप टाय उन्हाने मोडतात, ते सुटे बाळगा.

हवा भरायला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बरा. नेहमीच्या मापाला ११.५ मिमीचं भोक लागतं. पायपंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, टायर गेजने ताडून बघा. पंप आणि लाँचरमध्ये पाच मीटर नळी, सोडायची दोरी त्याहून लांब.

बाटली फक्त सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची. साध्या पाण्याची बाटली हा दाब झेलत नाही. नव्या बाटलीची चाचणी ती काठोकाठ पाण्याने भरून ६ बारला घ्या, कारण भरलेली बाटली फुटली तरी नुसती फाटते, उडत नाही. पंखांसाठी गरम ग्लू गन नको, तिने प्लास्टिक मऊ पडतं. फेविक्विकने ते तडकतं. पीयू सीलंट किंवा दुहेरी टेप चालतो. घडीची पांढरी रेघ दिसली की बाटली भंगारात.

एप्रिल-मे मध्ये बाटल्या गाडीत सोडू नका. उन्हात तापलेली बाटली ४ बारलाही फुगून मान वाकडी करते, म्हणून त्या महिन्यांत सकाळी सातच्या आत आणि ३ बारवरच उडवा. हिवाळ्याच्या सकाळी वारा पडलेला असतो, ४ बारचे प्रयोग तेव्हा ठेवा. सोनेगाव विमानतळाच्या बाजूची मोकळी जागा कितीही मोठी दिसली तरी ती नको.