आधी कुठला डबा संपवायचा: दार्जिलिंग की आसाम?

फोंड्याच्या माझ्या मावसबहिणीकडे सुट्या चहाचे दोन डबे उघडलेले आहेत, दार्जिलिंग फर्स्ट फ्लश (वर्षातली पहिली खुडणी) आणि आसाम सेकंड फ्लश (दुसरी खुडणी). मिरग तोंडावर आलाय. आधी कुठला संपवू, हा तिचा प्रश्न.

खरा निकाल टिकाऊपणावरच लागतो. फर्स्ट फ्लश म्हणजे मार्च-एप्रिलची कोवळी पानं. ऑक्सिडेशन (हवेमुळे पान काळपट होणं) कमी, त्यामुळे पानात हिरवेपणा उरतो आणि फुलांसारखा सुगंध लवकर उडतो. गोव्याच्या पावसाळी हवेत डबा रोज उघडला की पान सादळतंच. मे-जूनमध्ये खुडलेला आसाम मात्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात महिनोन्महिने तग धरतो. दोन्ही डबे मसाल्यांपासून आणि सुक्या बांगड्यांपासून लांब ठेवावेत. चहा वास पटकन ओढतो.

करायला आसाम सोपा: उकळतं पाणी, चार मिनिटं, दूधही चालतं. दार्जिलिंगला 85 ते 90 अंशांचं पाणी आणि तीनच मिनिटं. दूध घातलं तर त्याची चवच मरते. महाग खरा, पण तीच पानं दुसऱ्यांदाही छान उतरतात.

सकाळी पावाबरोबर कडक दुधाचा चहा लागणाऱ्या घराला आसाम. दुपारी निवांत बिनदुधाचा कप चाखणाऱ्यांनी दार्जिलिंग घ्यावा, पण थोडाच, आणि उघडल्यावर आधी तोच संपवावा.